मायसाठी बाई शोधली तेव्हा

माय सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होती. बायकांचा वॉर्ड तिच्याकडे असे. बाळंतपणात ओरडणाऱ्या बाईला ती म्हणायची, "तवा नाही ओरडली, आता कायले ओरडते?" आणि ती बाई गप्प व्हायची. लहानपणी शाळा सुटली की मी वॉर्डाच्या पायरीवर अभ्यासाला बसायचे, तेव्हा हे रोज ऐकायचे. मला त्यात काही वावगं वाटत नसे. तिच्या पगारावर आम्ही दोघं भावंडं शिकलो. दादा नागपूरला एका कंपनीत लागला. मी मास्तरीण झाले, लग्न केलं, ते सोडून परत केळापूरला मायजवळ राहायला आले.

रिटायर झाल्यावर तिसऱ्या वर्षी तिला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. नागपूरला विजेचे शेक दिले, केमोच्या बाटल्या लावल्या. मग एके दिवशी तिथल्या डॉक्टरनं फाईल मिटली आणि म्हणाला, "आता घरी न्या. त्रास होणार नाही एवढं बघा." ते कसं बघायचं हे त्यानं सांगितलं नाही.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत रक्त सुरू झालं, तेव्हा मी तिला तिच्याच जुन्या दवाखान्यात नेलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. फवारणीचं औषध प्यालेली माणसं रोज येत, त्यात बायकाही असत. वॉर्डात एका खाटेवर दोघी होत्या. मायला व्हरांड्यात जागा मिळाली. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर आली. तिनं मायच्या हाताखाली दिवस काढले होते. ती उभ्यानंच म्हणाली, "मावशी, तुम्हाले काय सांगाव. जी वाचू शकते तिले खाट लागते."

"मले समजते," माय म्हणाली.

ऑटोत बसल्यावर ती मला म्हणाली, "मी असती तं पयल्याच दिवशी काढलं असतं."

रविवारी दादा आला. घरात वास होता, तो त्याला सहन होत नव्हता. तो अंगणातच खुर्ची घेऊन बसला आणि म्हणाला, "एक संस्था आहे. अशाच पेशंटसाठी. चल, पाहून येऊ."

यवतमाळच्या रस्त्यावर एका गावाबाहेर ती इमारत होती. मोठा हॉल, पांढऱ्या फरशा, दोन्ही भिंतींना खाटा. सगळ्या बायकांचे केस सारखे बारीक कापलेले, त्यामुळे कोण किती वयाची ते कळत नव्हतं. काहींचे हात मऊ कापडाच्या पट्टीनं खाटेला बांधलेले होते. व्यवस्थापक म्हणाला, "पडू नयेत म्हणून. आमच्याकडे रडारड अजिबात नसते." दादाला जागा आवडली. फॉर्मवर एक रकाना होता, 'अंदाजे कालावधी'. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दोन-तीन महिने." त्यानं तसं लिहिलं. फॉर्म आम्ही घरी आणला, मायचा अंगठा राहिला होता.

तिला सही येत होती. अंगठा का म्हणून विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

मायनं फॉर्म हातात घेतला नाही. तिनं मला विचारलं, "वास कायचा येत होता?"

"फिनाईलचा."

"नुसता फिनाईलचा? भाजीचा, भाताचा नाही?"

"नाही."

"किती वाजता गेलते तुम्ही?"

"बारा वाजता."

माय म्हणाली, "टाचा पाह्यल्या काय?"

"टाचा कशाला?"

"लोक आले का तोंड पाह्यतात, हात पाह्यतात. पाय झाकून रायतात. आम्ही पण साहेब यायच्या आंधी तोंडंच पुसत होतो. जाय, टाचा पाहून ये."

दादा म्हणाला की म्हातारी नाटकं करते. तो संध्याकाळच्या बसनं गेला. शनिवारी सकाळची शाळा होती. सुटल्यावर मी केळी घेऊन एकटीच तिथं गेले. म्हटलं, भरती करायच्या आधी जागा पुन्हा बघते. व्यवस्थापक फोनवर बोलत होता, त्यानं मानेनंच आत जा म्हटलं. मी दारापासून तिसऱ्या खाटेजवळ थांबले आणि एका बाईची चादर पायाकडून वर केली. टाच काळी पडली होती. मधोमध खळगा होता, आत पिवळं दिसत होतं. दुसरी टाचही तशीच होती.

बाईनं डोळे उघडले. "कोण आहे वं?"

"पाहायला आले."

"मले ने," ती म्हणाली. "मी चालतो. मले चालता येते."

मी चादर नीट केली. काय करावं ते न सुचून एक केळं सोलून तिच्या हातात दिलं. मग लक्षात आलं की हात बांधलेला आहे, तोंडापर्यंत जाणार नाही. ती केळं मुठीत धरून माझ्याकडे बघत होती. मी ते तसंच ठेवून बाहेर आले. व्यवस्थापकाला काही बोलले नाही. पुढं आपल्याला हीच जागा लागली तर, असं तेव्हा मनात होतं. ते मी स्वतःपासून कधी लपवलं नाही.

"काळ्या?" मायनं विचारलं.

"हो."

"मंग दादाले सांग, नाही म्हणते म्हणून. घरीच बाई पाहा. पण ठेवाची कोणती ते मी ठरवीन."

आम्ही बाई शोधायला लागलो. शेजारणीनं तिच्या नात्यातली एक विधवा आणली. गोड बोलणारी होती. मायच्या अंगावरची चादर काढून दाखवली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माय तिच्याकडे बघत राहिली आणि तिच्यासमोरच मला म्हणाली, "हिले चहा पाजून वाटेले लाव. रडणारी बाई तीन दिवस टिकते."

दुसरी मुलगी तरुण होती. पुसदला नर्सिंगचा कुठला तरी कोर्स करून आली होती, सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत होतं. मायनं सर्टिफिकेट पाहिलं नाही. तिनं विचारलं, "चादर आत्ताच बदलली. लगेच मी पाणी मागतलं. काय करशीन?"

"लगेच देईन, आजी."

"पोटभर?"

"हो. मागाल तेवढं."

ती गेल्यावर माय म्हणाली, "खोटं बोलते."

मला राग आला. एवढी चांगली शिकलेली मुलगी होती. मी म्हटलं, "तुला माणूस ठेवायचंच नाही. सगळ्यांनी तुझ्या पायाशी बसून राहावं असं वाटतं तुला."

तेव्हा तिनं मला समजावलं, जसं नव्या आयेला समजावतात तसं. वॉर्डात दोन आया आणि चाळीस बाया. ज्यांना उठता येत नाही त्यांना पाणी कमी पाजायचं. म्हणजे चादर ओली होत नाही. तोंड सुकलं की ओला बोळा ओठावरून फिरवायचा, नातेवाईक आले की ओठ ओले दिसतात. "मी पण बाईले म्हणत होती, देतो नं मागशीन तेवढं. त्या पोरीसारखंच गोड बोलत होती. तू तं मले गोड बोलतानी ऐकलं नाही कधी. नातेवाईक असले का बोलत होती."

तिसरी बाई तांड्यावरची होती. पन्नाशीची, हाडापेरानं मोठी, हातावर गोंदलेलं. कापूस वेचायला जायची. सासूचं दोन वर्षं अंथरुणात केलं होतं, त्यानंतर आणखी दोन घरी अशी माणसं सांभाळली होती. दोन्ही माणसं मेली, हे तिनंच आधी सांगितलं. मायनं तिला तोच प्रश्न विचारला.

बाई म्हणाली, "आंधी शिवी देईन. मंग पाणी देईन."

"आन् पुन्हा चादर भरली तं?"

"पुन्हा शिवी देईन."

"हिले ठेव," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी यायला लागली. मी शाळेतून परत येईपर्यंत थांबायची. येताना पितळी तांब्यात स्वतःचं पाणी घेऊन यायची, भाकर फडक्यात बांधून आणायची. आमच्या घरचा चहा तिनं पहिल्या दिवशी नाही म्हटला, दुसऱ्या दिवशी नाही म्हटला, मग मी विचारणं सोडलं. आमच्या ओळीत सगळी घरं बौद्धांची. कारण सांगायची गरज नव्हती. मायनं मात्र सोडलं नाही. बाई तिचं अंग पुसत असताना ती म्हणायची, "माहं गू काढते, आन् माह्या घरचं पाणी पीत नाही. गू चालते वाटते."

"हात धुतला का जाते तो," बाई म्हणायची आणि तिला कुशीवर वळवायची. वळवताना जरा जास्तच जोर लावायची. माय कळवळायची, पण मला हाक मारायची नाही.

पहिल्यांदा तिनं मायला "याडी", म्हणजे तिच्या बोलीत आई, म्हटलं तेव्हा माय फणकारली. "मी तुही याडी नोहो."

"मंग काय म्हणू? पेशंट म्हणू?"

असं दिवसभर चाले. बाई आडदांड होती, तिच्या हातात माया नव्हती. पण दर दोन तासांनी ती मायला वळवायची, टाचांखाली कापडाच्या चुंबळी ठेवायची, जखम धुऊन कोरडी करायची, आणि शिवी देऊन का होईना पाणी द्यायची. महिन्याभरात मायच्या पाठीवर एकही नवा डाग आला नाही. मी संध्याकाळी टाचा बघायचे. त्या स्वच्छ असायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. एका दुपारी पडद्याआडून मी मायला बोलताना ऐकलं. ती बाईला सांगत होती. वॉर्डात एक बाई होती, औषध प्यायलेली, चार दिवस झालेले. डॉक्टर म्हणाले होते की ही जाईल. दुपारी दुसरी आली, तरुण, पोटात लेकरू असलेली. खाट नव्हती. "मी त्या पयलीले उचलून खाली टाकलं. सतरंजी पण नोहती. ती म्हणे, थंडी वाजते, वर ठेवा. मी म्हटलं, मराचं होतं तं घरीच काहून नाही मेली, इथं कायले आली जागा अडवाले. ती तशीच गेली फरशीवर. तिचा नवरा चार वाजता आला. तो यायच्या आंधी मी तिले पुन्हा खाटीवर ठेवलं. दुसरीले खाली घेतलं. नवऱ्याले म्हटलं, झोपीत गेली, तरास नाही झाला."

ही गोष्ट तिनं मला कधी सांगितली नव्हती. मी वाट बघत होते की बाई काहीतरी म्हणेल. जाऊ द्या, म्हणेल. तुम्ही तरी काय करणार होत्या, म्हणेल.

बाई म्हणाली, "मंग मले कायले सांगता? मी काय करू? तुम्हाले खाली टाकू काय?"

माय हसली. त्या दुखण्यात मी तिला तेवढंच एकदा हसताना ऐकलं. हसताना तिला कळ आली आणि ती पुढं बराच वेळ कण्हत राहिली.

सुट्टी संपली आणि आठच दिवसांत बाईच्या लेकीचं बाळंतपण आलं. ती आठ दिवस जाते म्हणाली. दादाला मी कळवलं. त्याला रजा नव्हती. शेजारीण दुपारी एकदा डोकावून जाईन म्हणाली. माझी शाळा मुकुटबनच्या रस्त्यावर होती, साडेनऊच्या बसनं निघावं लागे, परत यायला सहा वाजत. माझ्या रजा संपल्या होत्या. हे सगळं खरं आहे.

पहिल्या दिवशी मी तिला पाणी पाजून गेले. संध्याकाळी आले तर ती मानेपर्यंत ओली होती, जखमेवरचं कापड सुटून वाळलं होतं, सगळ्या खोलीत तो वास. मला सगळं करायला दोन तास लागले. तिचं वजन उचलताना माझी कंबर धरली. दुसऱ्या दिवशी मी पाणी अर्ध्या पेल्याहून कमी दिलं. तिसऱ्या दिवशी चार चमचे. ती म्हणाली, "अजून." मी म्हणाले, "आल्यावर देते, बस चुकेल." बस यायला अजून वीस मिनिटं होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चादर कोरडी होती. मला बरं वाटलं. मी तिच्या ओठांवरून ओला बोळा फिरवला. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"शिकली तू," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती. तिच्या आवाजात जे होतं ते मला तेव्हाही ओळखता आलं आणि अजूनही त्याला काय म्हणावं ते मला सापडत नाही. नव्या आयेनं काम बरोबर केलं की सीनियर आया जसं म्हणेल, तसंच होतं ते. मी उठून तिला पेलाभर पाणी दिलं. तिनं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी सकाळी मी पुन्हा चारच चमचे दिले.

बाई नवव्या दिवशी आली. मी शाळेची पिशवी भरत होते. तिनं मायचं तोंड उघडून जीभ पाहिली. मग बोटानं हाताची कातडी उचलून सोडली, कातडी तशीच उभी राहिली, खाली बसली नाही. बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही शाळेत जा, बाई."

एवढंच. पण त्या दिवसापासून तिनं मला पाण्याच्या पेल्याला हात लावू दिला नाही. सकाळी ती आता एक बस आधी येऊ लागली. मी मायजवळ बसले तर ती पेला उचलून ओट्यावर ठेवायची. मायसमोर. माय ते बघायची.

पुढं दुखणं वाढलं. दुखण्याच्या भारी गोळ्या फक्त नागपूरला मिळायच्या. दादा त्या दर रविवारी आणायचा, गुरुवारपर्यंत पुरायच्या. शुक्रवार-शनिवार माय ओरडायची. ओळीतल्या बाया आधी यायच्या, मग यायच्या बंद झाल्या. एका शनिवारी ती खूप ओरडत होती, तेव्हा मी कानात कापूस घालून वह्या तपासत बसले. बाईनं ते पाहिलं. ती मायच्या उशाशी बसून तिला शिव्या देत होती, एकामागून एक, मराठीत आणि तिच्या बोलीत, अगदी सावकाश, थोपटल्यासारख्या. माय तिला उलट शिव्या देत होती. असं दोन तास चाललं. मग माय थकून झोपली.

दादा म्हणाला, "हे असं किती दिवस? मी त्या संस्थेत पुन्हा विचारतो." मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, "विचार." हे माय झोपलेली समजून बोललो. ती झोपलेली नव्हती. दादा गेल्यावर तिनं बाईला हाक मारली आणि म्हणाली, "माह्या टाचा पाह्य." बाई म्हणाली, "पाह्यल्या सकाळीच. बऱ्या आहेत." "पुन्हा पाह्य," माय म्हणाली.

संस्थेतून होकार आला त्याच आठवड्यात माय गेली. मी शाळेत होते, चौथीची तोंडी परीक्षा चालू होती. बाईनं किराणा दुकानातून शाळेजवळच्या पानठेल्यावर फोन केला, पानठेल्यावाला सांगत आला. सात मुलं राहिली होती. मी सातही मुलांची परीक्षा घेतली, गुण लिहिले, आणि मग मुख्याध्यापकांना सांगून निघाले.

घरी पोचले तोवर बाईनं मायला आंघोळ घालून पांढरं लुगडं नेसवलं होतं. केस विंचरलेले होते. ओळीतल्या बाया दाराशी जमल्या होत्या. बाई बाहेरच्या ओट्यावर बसून तिच्या तांब्यातलं पाणी पीत होती.

मी विचारलं, "काही बोलली काय?"

"बोलली."

"काय?"

तिनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "तुमच्यासाठी नोहतं ते."

मी पुन्हा विचारलं नाही. दादा रात्री आला, सकाळी वंदना झाली, मायला नेलं. त्या गर्दीत बाई कधी गेली ते मला कळलं नाही. ठरलेले पैसे मी तिला तांड्यावर पाठवले. नवं लुगडंही पाठवलं होतं. पैसे तिनं ठेवून घेतले. लुगडं परत आलं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या नवऱ्याला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आईकडे एक बाई होती ना, सगळं करणारी? मला तिचा पत्ता देता का? मला काही सुचून नाही राह्यलं."

मला तांडा माहीत होता. बाई अजून तिथंच होती, बाजारच्या दिवशी मी तिला लांबून पाहायचे आणि दुसऱ्या ओळीत वळायचे. ती या बाईंच्या घरी गेली असती, तर तिथं दिवसभर बसून काय काय बोलली असती कुणास ठाऊक. तिनं मायबद्दल कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं, हेही मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "ती गेली कुठंतरी. आता ते काम करत नाही ती."

शाळेतल्या त्या बाईंनी बिनपगारी रजा टाकली आणि एकटीनंच नवऱ्याचं केलं. दोन मुलं, सासू, आणि ते. पाच महिन्यांनी त्या शाळेत परत आल्या तेव्हा ओळखू येत नव्हत्या. एक दिवस हजेरी भरताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कसं केलं हो, नोकरी करून? तुमच्या आईला फार त्रास झाला का शेवटी?"

"नाही," मी म्हणाले. "झोपेत गेली."